प्रशिक्षणानंतरचा चौथा दिवस

अंगणवाडी सेविकांना सेवेत असताना काय आणि कसे शिकवावे, याविषयीच्या कागदांची आता वानवा राहिलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला, त्यातली पहिली तीन वर्षे मुख्यतः अंगणवाडी-बालवाडीवर सोपवली आणि त्यासाठी बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा, तर त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षभराचा अभ्यासक्रम सुचवला. २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, मे २०२३ मध्ये सेविकांच्या प्रशिक्षणाचा ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ व त्याआधीच्या वयासाठी ‘नवचेतना’ असे दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राचा स्वतःचा ‘आकार’ हा अभ्यासक्रम तर त्याही आधीपासून वापरात आहे. तरीही मराठवाड्यातल्या एखाद्या अंगणवाडीत सकाळी अकराच्या सुमारास गेले, तर बहुतेक वेळा दिसते ते हेच, की मुले भिंतीला लागून रांगेत बसली आहेत, एका सुरात बडबडगीत म्हणत आहेत, मोठ्या दोघा-तिघांच्या हातात पाटी आहे आणि सेविका मोबाईलवर कसली तरी नोंद पुरी करते आहे. याचा दोष सहसा सेविकेच्या अनास्थेला दिला जातो. मला तो प्रशिक्षणाच्या जागेत आणि रीतीत दिसतो. सेवेतले प्रशिक्षण अंगणवाडीच्या खोलीत, मुलांच्या समोर, पर्यवेक्षिकेच्या सोबतीने आणि वर्षभर थोडे थोडे होत नाही, तोवर त्याचा लाभ मुलांपर्यंत जाणार नाही. तालुक्याच्या सभागृहातले तीन दिवस ही फार तर त्याची प्रस्तावना ठरू शकते.

हे प्रशिक्षण उतरंडीने खाली येते. दिल्लीत ठरलेला आशय राज्याच्या प्रशिक्षकांकडे जातो, तिथून बालविकास प्रकल्प अधिकारी आणि पर्यवेक्षिकांकडे येतो आणि अखेरीस सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या सेविकांपुढे मांडला जातो. ‘पोषण भी, पढाई भी’च्या पहिल्या फेरीत सेविकांच्या वाट्याला तीन दिवस आले. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातून किंवा किनवट-माहूरकडच्या वाड्यांतून येणाऱ्या सेविकेचे त्यातले कितीतरी तास एसटीची वाट पाहण्यात जातात, ही गोष्ट वेळापत्रक आखणाऱ्याच्या हिशेबात नसते. या उतरंडीत माहिती फारशी हरवत नाही, कारण ती पडद्यावरच्या सादरीकरणात आणि हातात दिलेल्या पुस्तिकेत शाबूत असते. हरवते ते करून पाहणे. राज्याच्या पातळीवर प्रशिक्षक जमिनीवर बसून खेळ घेतात, जिल्ह्याला त्या खेळाचे प्रात्यक्षिक होते, तालुक्याला त्याचे वर्णन होते आणि गावात पुस्तिका कपाटात जाते. पहिल्या दिवशी पहिल्याच तासाला मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो हे वाक्य मात्र न चुकता येते. हा आकडा खरे तर अर्थखात्याला ऐकवायला हवा. सेविकेला लहान मुलाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसते, तिला सोमवारी सकाळी बावीस मुलांपुढे नेमके काय करायचे हे हवे असते.

ते नेमके काय, हे एका साध्या उदाहरणावरून पाहता येईल. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, ही गोष्ट प्रत्येक सेविकेला येते आणि मुलांनाही ती पाठ असते. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत अशा गोष्टीविषयी एक ओळ असते, की मुलांना मोकळी उत्तरे देता येतील असे प्रश्न विचारावेत. ही ओळ वाचायला सोपी आणि अंमलात आणायला फार अवघड आहे. कावळा दार वाजवतो तिथे गोष्ट थांबवायची, चिमणी दार का उघडत नसेल हे विचारायचे, आणि विचारल्यावर गप्प राहायचे. ही शांतता चार-पाच सेकंदांची असली तरी सेविकेला ती नको होते आणि सेविका स्वतःच उत्तर सांगून मोकळी होते. त्यातून एखादी मुलगी म्हणते, आमच्या घरात पण पाणी गळतं. हे उत्तर गोष्टीच्या बाहेरचे वाटते, म्हणून त्याला ‘हो हो’ म्हणून बाजूला सारले जाते. वास्तविक त्या मुलीने गोष्टीतला पाऊस आणि आपल्या पत्र्याच्या घरातला पाऊस यांची सांगड घातलेली असते. भाषाशिक्षण ज्याला म्हणतात ते त्या क्षणी घडत असते. तिला पुढे बोलते करायचे, मग तुम्ही काय करता, भांडी कुठे ठेवता असे विचारायचे, आणि बाकीच्या मुलांना त्यात ओढायचे, हे कौशल्य व्याख्यानातून येत नाही. कोणीतरी कोपऱ्यात बसून ते पाहावे लागते, आणि मुले घरी गेल्यावर, हातात तपासणीचा कागद न धरता विचारावे लागते, ‘ताई, ती पोरगी बोलत होती तेव्हा तुम्ही लगेच पुढं का गेलात?’ असा एक प्रश्न आणि पुढच्या भेटीत त्याची पुन्हा केलेली विचारपूस, यातून जे साधते ते सभागृहातल्या सबंध दिवसातून साधत नाही.

गणिताचेही असेच आहे. तुरीचे, हरभऱ्याचे, ज्वारीचे दाणे आणि चिंचोके मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात मिळतात आणि त्यांची वर्गवारी करणे हे साधन म्हणून उत्तम आहे, हे प्रशिक्षणात सांगितलेही जाते. पण तीन वर्षांचे मूल दाणे तोंडात घालते, चार वर्षांचे रंगावरून वेगळे करते आणि साडेपाच वर्षांचे दहाचे ढीग मांडू पाहते. ही तिन्ही मुले एकाच खोलीत एकाच वेळी बसलेली असतात. मिश्र वयाचा गट सांभाळण्याची रीत हा अंगणवाडीच्या अध्यापनाचा गाभा आहे. त्यावर तीन दिवसांत जेमतेम एखादे सत्र होते.

पालकांचा प्रश्न याला जोडूनच येतो. अंबाजोगाई, उदगीर, सेलू किंवा वसमत अशा गावांतून इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीच्या पिवळ्या गाड्या आता खेड्यांत शिरल्या आहेत. ज्याला परवडते तो आपले मूल त्या गाडीत बसवतो आणि उरलेले पालक अंगणवाडीत येऊन विचारतात, आमच्या पोराला एबीसी कधी शिकवणार? खेळातून शिकणे म्हणजे काय हे सेविकेला प्रशिक्षणात ऐकवलेले असते, परंतु दारात उभ्या असलेल्या बापाला ते दोन वाक्यांत कसे समजवावे, हे कोणी तिच्याकडून करवून घेतलेले नसते. म्हणून ती पाटी काढते आणि अक्षरे गिरवून घेते. त्या खासगी नर्सरीतल्या शिक्षिकेला बहुधा कसलेच प्रशिक्षण मिळालेले नसते, हा भाग निराळा. तिच्या वर्गातली टेबले, गणवेश आणि टाय पाहून पालकांची खात्री पटलेली असते.

आता मराठवाड्याच्या खास अडचणींकडे वळतो, कारण देशभरासाठी एकच पुस्तिका काढण्याची मर्यादा इथे सर्वांत ठळक दिसते. पहिली अडचण भाषेची. जालना, परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांतल्या बंजारा तांड्यांवरचे मूल घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलते आणि आईला याडी म्हणते. शहरांतल्या आणि मोठ्या गावांतल्या मुस्लिम वस्त्यांत दखनी बोलली जाते, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते, उमरगा-निलंगा-उदगीरच्या सीमेवर कन्नड. नवे धोरण घरच्या भाषेचा पुरस्कार करते. मात्र मराठी तक्ता भिंतीवर आणि गोरमाटी मूल समोर असताना पहिल्या तीन महिन्यांत सेविकेने काय करावे, याचे उत्तर प्रशिक्षणात नसते. जिथे सेविका तांड्यावरचीच आहे तिथे ती हे काम आपसूक आणि चांगले करते. तिने ते कसे केले हे शेजारच्या दहा सेविकांनी पाहायला हवे, पण तिला प्रशिक्षक म्हणून उभे करण्याची सोय उतरंडीत नाही, कारण तिथे शहाणपण वरून खाली येते असे गृहीत धरलेले आहे.

दुसरी अडचण कोयत्याची, आणि ती अधिक गंभीर आहे. बीड जिल्ह्यातून आणि धाराशिव, जालना, परभणीच्या काही तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात व गुढीपाडव्याच्या आसपास परततात. शाळेच्या वयातल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते. सहा वर्षांखालच्या मुलाला ती नाही, ते आईबरोबर फडात जाते. ‘आधारशिला’ने वर्षाचे ४८ आठवड्यांचे नियोजन दिले आहे, आधी रुळवणे, मग शोध व खेळ, शेवटी उजळणी असा त्याचा क्रम आहे. कोयता उचललेल्या घरातले मूल यातले वीस-बावीस आठवडे गावात नसते. ते परत येते तेव्हा बाकीची मुले वर्षअखेरच्या उजळणीत असतात आणि त्याला पुन्हा पहिल्या दिवसाइतके रडू येते. निम्मा वर्ग निघून गेलेल्या हिवाळ्यात उरलेल्या मुलांसह कसे काम करावे, एप्रिलमध्ये परतलेल्यांना कसे सामावून घ्यावे, गाव सोडताना आई-आजीला रोज करता येतील असे कोणते दोन-तीन खेळ सांगावेत, स्थलांतरित कुटुंबाची नोंद पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाईल अ‍ॅपवर दुसऱ्या गावी वळवून तिथल्या अंगणवाडीशी गाठ कशी घालून द्यावी, या चार गोष्टींना वडवणी, धारूर किंवा शिरूर कासारच्या सेविकेच्या दृष्टीने साऱ्या आराखड्याहून अधिक मोल आहे. ‘नवचेतना’त तीन वर्षांखालच्या बाळांसाठी १४० कृती आहेत. त्यांतल्या फडावरच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, करता येण्याजोग्या दहा निवडून त्यांचे मराठवाड्यापुरते प्रशिक्षण करणे जिल्ह्याच्या पातळीवर सहज शक्य आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. सेविकांच्या संघटना म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की प्रशिक्षण वाढवण्याआधी कामाचा बोजा कमी करा. पूरक आहार, लसीकरणासाठी साहाय्य, वजन-उंची, गृहभेटी, गरोदर मातांच्या नोंदी, निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामे यांत शिक्षण शेवटी येते. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला, जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाईलवर ओळखवण्याची अट लागू झाली. नेटवर्क नसलेल्या वाडीत ही अट म्हणजे सकाळचा तास-दीड तास. तमिळनाडूत झालेला एक मोठा प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तिथे काही अंगणवाड्यांना फक्त पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती देण्यात आली. परिणामी शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणितातली प्रगती वाढली, आणि मूळ सेविकेला पोषणाकडे पाहायला सवड मिळाल्यामुळे खुरटलेपणा आणि तीव्र कुपोषण यांतही घट दिसली. म्हणजे हात वाढवल्याने फरक पडतो, हे सिद्ध आहे. तरीसुद्धा वेळ मिळाला की शिकवणे आपोआप सुधारते असे मला वाटत नाही. मोकळा झालेला तास पाटीवर अक्षरे गिरवण्यातही जाऊ शकतो. वेळेची मागणी आणि चांगल्या प्रशिक्षणाची मागणी एकाच निवेदनात असायला हवी. एकीच्या नावाने दुसरी पुढे ढकलणे शासनालाच सोयीचे जाते.

यावर उपाय म्हणून नवी यंत्रणा उभारावी असे मी सुचवत नाही. जी आहे तिचे काम बदलावे. एका पर्यवेक्षिकेकडे साधारण २५ अंगणवाड्यांचा बीट असावा, असा निकष आहे. तिने आठवड्यातले दोन दिवस रोज एका अंगणवाडीत पूर्ण वेळ बसायचे ठरवले, तर तीन महिन्यांत तिचा बीट पुरा होतो आणि प्रत्येक सेविकेला वर्षातून चार वेळा असे सोबतीचे दिवस मिळतात. त्या दिवशी रजिस्टर तपासायचे नाही, पटावरची आणि हजर मुले मोजायची नाहीत. गोष्ट, खेळ आणि मुलांचे बोलणे पाहायचे, शक्य तर एक खेळ स्वतः घेऊन दाखवायचा. अडचण अशी, की अनेक पर्यवेक्षिकांनी स्वतः लहान मुलांना कधी शिकवलेले नाही, आणि पदे रिकामी राहिली की एकीच्याच वाट्याला दोन-दोन बीट येतात. तेव्हा प्रशिक्षणाचा पहिला आणि मोठा खर्च पर्यवेक्षिकांवर व्हायला हवा, आणि तो तीन दिवसांचा नसावा. पूर्वी सेविकांसाठी अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रे होती, तिथे साधारण महिनाभराचे निवासी प्रशिक्षण आणि ठरावीक काळाने उजळणी वर्ग होत. त्या केंद्रांत उणिवा पुष्कळ होत्या, पण शिकणारी बाई काही आठवडे एका जागी राहून शिकते ही त्यांची मूळ कल्पना बरोबर होती. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि प्राथमिक शिक्षिका म्हणून आधी नोकरी केलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत काम करता करताच बालशिक्षणात घडल्या. पुढे कोसबाडला त्यांनी कार्यकर्त्या घडवल्या त्याही मुलांच्या सान्निध्यात. ज्या राज्यात हे झाले त्याला पडद्यावरच्या सादरीकरणाची मातब्बरी वाटावी, याचे आश्चर्य वाटते.

बीटच्या मासिक बैठकीविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण प्रशिक्षणाची खरी जागा तीच आहे. २०१८ च्या पोषण अभियानात ‘थोडे थोडे शिकणे’ या तत्त्वावर २१ घटकांची मालिका आखली होती. दर महिन्याला बैठकीत एक विषय, महिनाभर त्याचा वापर आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलणे, अशी ती रीत होती. तिचा आशय मुख्यतः पोषणाचा होता, पण रीत अचूक होती. आज त्याच बैठकीत मासिक अहवाल गोळा होतात, ट्रॅकरवर कोणाचे काम लाल दिसते ते वाचून दाखवले जाते, नव्या पत्राची माहिती दिली जाते आणि तीन वाजता सगळ्या उठतात. अहवाल मोबाईलवर गेल्यानंतरही बैठक अहवालांसाठीच भरावी, हे तर्काला धरून नाही. या बैठकीचे पहिले दोन तास कायद्यासारखे पक्के करून फक्त शिकवण्यासाठी राखावेत. एका सेविकेने गेल्या महिन्यात काय केले ते सांगावे, मोबाईलवर टिपलेले पाच मिनिटांचे चित्रण दाखवावे आणि बाकीच्यांनी त्यावर बोलावे. जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच. पहिलीच्या शिक्षकांच्या सत्राला त्या केंद्रातल्या सेविकांना बोलावले, तर जूनमध्ये आपल्याकडे येणारे मूल कुठवर आले आहे हे त्या शिक्षकांनाही कळेल. सेविकांसाठी शिक्षण खात्याच्या समूह साधन केंद्रामार्फत महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग व्हावा, असे धोरणातच म्हटले आहे. आड येते ते शिक्षण आणि महिला व बालविकास या दोन खात्यांमधले अंतर, आणि पुष्कळ ठिकाणी ही शाळा व ही अंगणवाडी एकाच आवारात असतात.

मदतनीस या सगळ्या चर्चेत कुठेच नसते. सेविका तालुक्याला प्रशिक्षणाला गेली की अंगणवाडी मदतनीस चालवते, सेविका बैठकीला गेली की तीच, लसीकरणाच्या दिवशीही तीच. मुलांना घरून आणणे, जेवू घालणे, शी-शू पाहणे, रडणाऱ्याला कडेवर घेणे हे सारे तिचे काम आहे आणि तीन वर्षांच्या मुलासाठी यातले प्रत्येक काम शिक्षणच असते. तिला बीटच्या बैठकीत दर तिमाहीला तरी बसवावे.

मोबदल्याचा मुद्दा टाळून प्रशिक्षणाबद्दल बोलणे अप्रामाणिक ठरेल. केंद्राचा सेविकेच्या मानधनातला ४,५०० रुपयांचा आकडा ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरला आणि पुढची कित्येक वर्षे तो हलला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सुरू केलेला संप जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत चालला, तो अशाच साचलेल्या असंतोषातून. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना उपदान (ग्रॅच्युइटी) लागू असल्याचा निर्णय देताना त्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचे वैधानिक काम करतात याची दखल घेतली. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या सेविकेच्या मानधनात त्यानुसार वाढ होणार नसेल आणि पर्यवेक्षिकेच्या पदासाठी तो धरला जाणार नसेल, तर तो तिने रात्री स्वयंपाक आटोपल्यावर, मुलाच्या मोबाईलवर का करावा, याला शासनाकडे उत्तर हवे.

दिल्ली-मुंबईच्या निर्णयांची वाट न पाहता मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांना करता येण्याजोगेही बरेच आहे. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखलेला असतो आणि त्यातून वर्षानुवर्षे शिलाई यंत्रे व सायकलींसारख्या वस्तू वाटल्या जातात. त्यातला काही भाग पर्यवेक्षिकांच्या प्रवासभत्त्यासाठी, तांड्यावरच्या आणि सीमाभागातल्या जाणत्या सेविकांना प्रशिक्षक म्हणून मानधन देण्यासाठी आणि कोयत्याच्या तालुक्यांसाठी वेगळे वार्षिक वेळापत्रक तयार करण्यासाठी मागता येईल. महिला व बालकल्याण समितीच्या सभेत हा विषय एखाद्या सदस्येने मांडला, तर निदान आढाव्याचे प्रश्न बदलतील. किती सेविकांनी प्रशिक्षण घेतले हे विचारण्याऐवजी प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी किती अंगणवाड्यांत पर्यवेक्षिका सकाळभर बसली, आणि एप्रिलमध्ये फडावरून परतलेली किती मुले मे महिन्यातही अंगणवाडीत येत होती, हे विचारले जाईल. बीड जिल्ह्याने ही दुसरी नोंद येत्या हंगामापासून ठेवायला सुरुवात करावी. त्यासाठी कोणत्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही.